सामायिक ग्रिड, स्वतंत्र हिशेब : पश्चिम विभागाच्या वीज-सहकार्याची साठ वर्षे (१९६४–२०२४)

महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि गोवा ही पाच राज्ये आणि दादरा-नगर हवेली व दमण-दीव हा केंद्रशासित प्रदेश यांच्या वीजयंत्रणा एकाच ग्रिडवर चालतात. त्यांचे एकत्र चालणे सुरळीत व्हावे यासाठी १९६४ साली पश्चिम विभागीय विद्युत मंडळ स्थापन झाले. २००५ पासून तेच काम पश्चिम विभागीय विद्युत समिती करीत आहे. अंधेरी पूर्वेला मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, सीप्झसमोर, तिचे कार्यालय आहे. या संस्थेच्या मालकीचे एकही वीजकेंद्र नाही, वाहिनीचा एक मनोराही नाही आणि कोणत्याही राज्याला हुकूम सोडण्याचा अधिकारही नाही. घटक संस्था एकमताने जे ठरवतील तेच तिचे धोरण. अशी संस्था साठ वर्षे टिकली, एवढेच नव्हे तर तिच्यावरचा भार दर दशकाला वाढतच गेला, याचा उलगडा केला पाहिजे.

स्मरणिकांमध्ये असे यश बहुधा 'सहकाराच्या भावने'च्या नावे जमा होते. भावना होतीच, पण तिने सगळे भागले नसते. याच काळात या राज्यांमध्ये नर्मदेच्या पाण्यावरून लवाद बसला, राज्यांची फेररचना झाली, परस्परविरोधी पक्षांची सरकारे आली-गेली, वीज मंडळांची थकबाकी डोईजड झाली. तरीही कोणी वेगळी चूल मांडली नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते त्याचे कारण रुक्ष आहे : कोणी किती वीज दिली, किती घेतली आणि तिचे किती पैसे झाले, याचा सर्वांना मान्य होणारा हिशेब या संस्थेने ठेवला. जेव्हा हिशेब स्पष्ट होता तेव्हा सहकार्य पुढे गेले, जेव्हा तो धूसर झाला तेव्हा अडखळले. पुढील इतिहास याच अंगाने मांडला आहे.

पूर्वपीठिका : १९४३ ते १९६३

वीज ही एकेका शहराच्या कंपनीपुरती न ठेवता मोठ्या प्रदेशासाठी सरकारने आखावी, हा विचार स्वातंत्र्याआधीचा आहे. युद्धोत्तर पुनर्रचनेसाठी सार्वजनिक बांधकामे आणि वीज या विषयांवर जी धोरण समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूर खात्याचे सदस्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. वीज स्वस्त आणि मुबलक हवी, आणि त्यासाठी सरकारने पुढाकार घ्यावा, ही त्यांची भूमिका १९४३ मधील या समितीच्या कामकाजात स्पष्ट दिसते. केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ त्याच प्रयत्नांतून उभे राहिले. पुढे १९४८ च्या वीज पुरवठा कायद्याने राज्य वीज मंडळांची वाट मोकळी केली. या कायद्याचे उपकार मोठे आहेत. पण त्याचा एक परिणाम फारसा कोणी बोलून दाखवत नाही : राज्याची हद्द हीच वीजयंत्रणेचीही हद्द ठरली.

त्यातच हद्दी बदलत राहिल्या. १९५६ ला विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला आणि मध्य प्रांताच्या जमान्यात हाती घेतलेले खापरखेड्याचे वीजकेंद्र त्याच्याबरोबर आले. १ मे १९६० ला मुंबई राज्याचे दोन भाग झाले आणि दोन स्वतंत्र वीज मंडळे उभी राहिली. निसर्गाने मात्र या वाटण्या विचारात घेतल्या नव्हत्या. कोळसा विदर्भात आणि कोरबा-सिंगरौलीच्या पट्ट्यात, मोठा पाऊस आणि उंच कडा सह्याद्रीत, आणि गिरण्या-कारखाने मुंबई, अहमदाबाद, सुरत, बडोद्यात. खोपोलीच्या १९१५ च्या केंद्रापासून मुंबईला घाटावरच्या पाण्याची वीज मिळत होती आणि १९६२ पासून कोयनेची भर पडली. गुजरातला जवळचा कोळसा आणि घाटावरचे पाणी, हे दोन्ही नव्हते. त्याचा कोळसा शेकडो किलोमीटर रेल्वेने यायचा. नुकत्याच मुक्त झालेल्या गोव्याकडे तर सांगण्यासारखी वीजनिर्मितीच नव्हती. मध्य प्रदेशाने राजस्थानबरोबर चंबळची वीज निम्मी-निम्मी वाटून घेतली होती, आणि दोन सरकारे एका धरणाचा हिशेब ठेवू शकतात याचा तो शेजारच्या घरातला दाखला होता.

पहिले दशक : १९६४ ते १९७३

डॉ. के. एल. राव केंद्रात सिंचन व वीज खात्याची धुरा सांभाळत असताना देशाचे पाच विद्युत विभाग करून प्रत्येकासाठी एक मंडळ नेमण्याचा निर्णय झाला. राज्यांच्या संमतीने निघालेला तो केंद्र सरकारचा ठराव होता. कायद्याचा आधार त्याला नव्हता. राज्य वीज मंडळांचे प्रमुख सदस्य, अध्यक्षपद आळीपाळीने राज्यांकडे, आणि कायमचे सचिवालय मुंबईत, ही घडण तेव्हा ठरली ती थोड्याफार फरकाने आजही तशीच आहे. सुरुवातीचे काम अगदी मर्यादित होते. कोणते राज्य कोणता जनित्रसंच कोणत्या महिन्यात दुरुस्तीसाठी बंद ठेवणार, याचे एकत्र वेळापत्रक करायचे. दोन राज्यांनी एकाच आठवड्यात मोठे संच बंद ठेवले तर दोघांचीही पंचाईत, हे समजायला तत्त्वज्ञान लागत नाही. हे वार्षिक 'आउटेज' वेळापत्रक आजही केले जाते, आणि ते करणाऱ्या अभियंत्यांची नावे कोणत्याही कोनशिलेवर नाहीत.

डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाने एका स्रोतावर विसंबण्याचा धोका दाखवून दिला. मुंबईचा वीजपुरवठा त्या दिवशी कोलमडला आणि शेजाऱ्यांशी असलेले दुवे किती अशक्त आहेत हे सर्वांना कळून चुकले. त्यानंतर दोनच वर्षांत, १९६९ साली, तारापूरचे अणुवीजकेंद्र सुरू झाले. मूळ क्षमता २१० मेगावॉटच्या दोन संचांची, आणि वीज महाराष्ट्र-गुजरात यांच्यात निम्मी-निम्मी. या वाटणीमागे औदार्यापेक्षा अभियांत्रिकी अधिक होती. एवढा मोठा संच अचानक 'ट्रिप' झाला तर तो धक्का सोसायला यंत्रणाही तेवढी मोठी लागते. एकेकट्या राज्याचे त्या काळातले ग्रिड त्याला पुरे पडले नसते. अणुभट्टीने दोन सरकारांना एका तारेवर आणले, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

दुसरे दशक : १९७४ ते १९८३

ऊर्जासुरक्षा हा शब्द तेव्हा रुळला नव्हता, पण प्रश्न दारात येऊन उभा होता. १९७३ च्या तेलसंकटाने डिझेल आणि भट्टी-तेल महागले. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर तारापूरच्या अमेरिकी इंधनात अडथळे येत गेले; १९८२ साली फ्रान्सकडून पुरवठ्याची व्यवस्था झाली तेव्हा कुठे घोर मिटला. उरला देशातला कोळसा. तो रेल्वेने वाहून न्यायचा की खाणीच्या तोंडाशी जाळून वीज तारेने न्यायची, या प्रश्नाचे उत्तर सरळ होते, पण त्यासाठी एका राज्याच्या जमिनीवर चार सरकारांसाठी केंद्र उभारावे लागणार होते. १९७५ ला राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळ, म्हणजे एनटीपीसी, स्थापन झाले आणि कोरब्याचे काम हाती घेतले गेले. जागतिक बँकेने त्याला कर्ज दिले. घेणारी राज्ये आधीच ठरलेली असल्याशिवाय एवढ्या प्रमाणावर गुंतवणूक उभी राहिली नसती. कोरब्याचा पहिला संच १९८३ ला सुरू झाला.

मग कोणाला किती? इथे एका मराठी अर्थतज्ज्ञाचे नाव कायमचे जोडले गेले. केंद्रीय मदतीच्या वाटपासाठी धनंजयराव गाडगीळ यांनी जी पद्धत घालून दिली तिच्या धर्तीवर विजेचीही वाटणी ठरली आणि वीज क्षेत्रात ती 'गाडगीळ सूत्र' याच नावाने ओळखली जाते. १० टक्के वीज ज्या राज्यात केंद्र आहे त्याला, १५ टक्के अडीनडीसाठी केंद्र सरकारच्या हाती, आणि उरलेली ७५ टक्के विभागातील राज्यांना त्यांची केंद्रीय मदत आणि वीजवापर पाहून. सूत्र निर्दोष आहे असे कोणीच म्हणणार नाही. ज्याच्या गावात राख पडते त्याला १० टक्के म्हणजे कमीच, ही मध्य प्रदेशाची, आणि पुढे छत्तीसगडची, तक्रार रास्त होती. पण आकडा आधीपासून ठाऊक असल्यामुळे प्रत्येक नव्या केंद्रागणिक नवे भांडण झाले नाही. डिसेंबर १९७९ मध्ये नर्मदा लवादाने सरदार सरोवराच्या विजेची वाटणी मध्य प्रदेश ५७, महाराष्ट्र २७ आणि गुजरात १६ टक्के अशी ठरवली. पाण्यावरून पुढे कितीही वादळे उठली तरी विजेचा हा तिहेरी आकडा कोणी बदलला नाही.

तिसरे दशक : १९८४ ते १९९३

हे दशक बांधणीचे. विंध्याचलचा पहिला संच १९८७ ला आला. तेच केंद्र पुढे ४,७६० मेगावॉटपर्यंत वाढून देशातले सर्वांत मोठे झाले. तोतलाडोहला पेंच प्रकल्पाचे १६० मेगावॉट दोन-तृतीयांश मध्य प्रदेशाला आणि एक-तृतीयांश महाराष्ट्राला मिळू लागले. ४०० केव्हीच्या वाहिन्यांनी कोरब्याची वीज पश्चिमेकडे आणली. १९८९ मध्ये विंध्याचललाच ५०० मेगावॉटची उच्चदाब एकदिश प्रवाहाची जोडणी झाली आणि पश्चिम विभाग उत्तरेला जोडला गेला. १९९१ च्या दुरुस्तीने मंडळाला कायद्यात स्थान मिळाले.

वाहिन्या आल्या तसा तुटवडाही सामायिक झाला. ग्रिडवर मागणी वाढली की सगळ्या जनित्रांचा वेग एकदम मंदावतो आणि फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या खाली घसरते. नागपूरला आणि सुरतेला ती त्याच क्षणी घसरते, कारण यंत्रणा एकच. ४९ च्या खाली गेलेली फ्रिक्वेन्सी त्या वर्षांत नित्याची झाली होती. टर्बाइनच्या पात्यांना त्याने इजा होते, पंप कमी पाणी ओढतात, आणि आणखी घसरली तर सगळेच बंद पडते. नियंत्रण कक्षातून वीजवाहिन्यांवरूनच चालणाऱ्या पीएलसीसीच्या फोनवर 'ओव्हरड्रॉ कमी करा' अशा विनवण्या चालत. पलीकडच्या अधिकाऱ्यालाही वस्तुस्थिती कळत होती, पण फीडर बंद केला की आमदाराचा फोन त्यालाच येणार होता. जास्त वीज ओढली तर महिनाअखेरीस तोच सरासरी दर लागायचा. रात्री पावसात मागणी पडली की उलटे व्हायचे : कोणीच संच मंद करायला तयार नसे, कारण जास्त चालवल्याचा तोटा नव्हता. या काळात आपसात जे शब्द झाले ते इतिवृत्तांत फार सौम्य भाषेत नोंदवलेले आहेत आणि ते तसेच राहू देणे बरे. दोष माणसांचा कमी होता. हिशेबालाच वेळेचे भान नव्हते.

चौथे दशक : १९९४ ते २००३

दशकाच्या पूर्वार्धात सहकार्याची बाजू दुसऱ्या दिशेने तपासली गेली. राज्यांनी आपापले पाहावे, खासगी परदेशी भांडवल आणावे, अशी हवा होती. दाभोळ प्रकल्पाचा सामंजस्य करार १९९२ चा. पहिल्या टप्प्याची ७४० मेगावॉट वीज १९९९ ला आली आणि २००१ ला केंद्र बंद पडले. माधव गोडबोले समितीने त्याची चिकित्सा केली आहे, ती इथे पुन्हा करण्याचे कारण नाही. या लेखाच्या दृष्टीने मुद्दा एवढाच की संपूर्ण खरेदीचा बोजा एकाच राज्याच्या मंडळाने उचलला होता, आणि जड झाला तेव्हा वाटून घ्यायला कोणी पुढे आले नाही, कारण त्या दराची वीज कोणालाच परवडणारी नव्हती. यावर कोणी म्हणेल की हा सहकार्याचाच पराभव, शेजारी वेळेला धावले नाहीत. तसे नाही. कोरब्यात शेजारी पहिल्या दिवसापासून वाटेकरी होते, किंमत त्यांच्या देखत ठरली होती. दाभोळच्या दराची चर्चा त्यांच्यासमोर कधी झालीच नव्हती. अगोदर हिशेबात न घेतलेल्या माणसाला नंतर तोट्यात भागीदार करता येत नाही.

दशकाच्या अखेरीस मूळ दुखण्यावर इलाज सापडला. केंद्रीय वीज नियामक आयोगाने जानेवारी २००० मध्ये आदेश काढला आणि १ जुलै २००२ ला देशात सर्वप्रथम पश्चिम विभागात 'उपलब्धतेवर आधारित वीजदर' लागू झाला. भानू भूषण हे या पद्धतीचे प्रमुख शिल्पकार. तिचा गाभा असा. दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ भाग करायचे. प्रत्येक भागात प्रत्येक राज्याने किती वीज घ्यायची हे आदल्या दिवशी ठरवायचे. ठरल्यापेक्षा जास्त-कमी जे काही झाले त्याचा दर त्या क्षणीच्या फ्रिक्वेन्सीवरून ठरायचा. फ्रिक्वेन्सी ५०.५ हर्ट्झ असेल तर दर शून्य, ५० ला युनिटमागे १ रुपया ४० पैसे, आणि ४९ ला ४ रुपये २० पैसे. मधली पायरी ०.०२ हर्ट्झला ५.६ पैशांची. राज्यांच्या सीमांवरच्या उपकेंद्रांत खास मीटर बसले. त्यांचे वाचन हातात मावणाऱ्या यंत्रात उतरवून दर आठवड्याला मुंबईला यायचे आणि सचिवालय हिशेब काढून सर्वांना पाठवायचे.

परिणाम बघण्यासारखा होता. विनंतीने जे दहा वर्षांत झाले नाही ते दराने काही महिन्यांत झाले. फ्रिक्वेन्सी पडली की नियंत्रण कक्षातला माणूस स्वतःच विचार करू लागला : ४ रुपयांनी ओढण्यापेक्षा आपले २ रुपयांचे जुने केंद्र चालवलेले बरे. रात्री दर शून्याकडे गेला की कोळसा वाचवायला संच मंद होऊ लागले. टीकाकारांनी दोन आक्षेप घेतले. पहिला, पद्धत सुरू झाल्यावर त्याच महिन्याच्या ३० तारखेला पश्चिम ग्रिड कोसळले. हे खरे आहे, आणि त्यातून एवढेच सिद्ध होते की किमतीचा इशारा हा संरक्षक रिलेचा पर्याय होऊ शकत नाही. संरक्षण यंत्रणेच्या समन्वयावर मंडळाने पुढे जो भर दिला त्याचे मूळ त्या घटनेत आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा : ज्याच्याकडे पैसा तो वाटेल तेवढी ओढणार, आणि गरीब राज्य दिवे मालवून बसणार. भारनियमनाच्या वर्षांत हे काही प्रमाणात घडले. म्हणूनच २००९ आणि २०१४ च्या नियमांनी जादा ओढण्यावर प्रमाणाची मर्यादा घातली, दर चढवले आणि मान्य फ्रिक्वेन्सीचा पट्टा ४९.९० ते ५०.०५ एवढा अरुंद केला. तरीही आधीच्या व्यवस्थेशी तुलना करायला हवी. आधीही जो जोरात ओढे त्यालाच वीज मिळत होती, फक्त ती फुकटात पडल्यासारखी होती आणि किंमत सगळ्यांच्या जनित्रांनी मोजली होती. शिवाय कमी वीज घेऊन ग्रिडला आधार देणाऱ्या राज्याला पहिल्यांदाच त्याचे पैसे मिळू लागले.

जुन्या थकबाकीचा प्रश्नही याच सुमारास सुटला. माँटेकसिंग अहलुवालिया समितीच्या शिफारशीवरून केंद्र, राज्ये आणि रिझर्व्ह बँक यांचे त्रिपक्षीय करार झाले, विलंब आकाराचा ६० टक्के भाग माफ झाला आणि केंद्रीय कंपन्यांना पुन्हा गुंतवणुकीचे बळ आले.

पाचवे दशक : २००४ ते २०१३

२००३ च्या वीज कायद्याने मंडळाच्या जागी समिती आली. राज्य मंडळांचे निर्मिती, पारेषण, वितरण असे भाग पडले. महाराष्ट्रात ६ जून २००५ ला. पूर्वी टेबलाभोवती चार-पाच अध्यक्ष बसत, आता कंपन्यांची रांग लागली. ग्रिडचे रोजचे संचालन पाहणारे भारप्रेषण केंद्र आधीच पॉवरग्रिड या केंद्रीय पारेषण कंपनीकडे गेले होते, पुढे त्याची स्वतंत्र कंपनी झाली. समिती नावापुरती उरेल, असे भाकीत तेव्हा अनेकांनी केले. पण जितके जास्त घटक, तितकी तटस्थ हिशेबनिसाची गरज जास्त. समितीच्या वाणिज्य, संचालन आणि संरक्षण समन्वय उपसमित्यांच्या बैठका त्या दशकात सर्वाधिक लांबल्या, हे त्या टेबलांवर बसलेल्यांना सांगायला नको.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने या वर्षांत भारनियमनाचे दीर्घ तास सोसले. ग्रिड मात्र मोठे होत गेले : २००३ ला पूर्व विभाग समकालिक जोडला गेला, २००६ ला उत्तर, आणि ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही वाहिनीने दक्षिण. सोलापूरच्या त्या जोडणीने देशात एकच फ्रिक्वेन्सी झाली.

३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तरेचे ग्रिड कोसळले, दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्यही. पश्चिम विभाग तगला. त्याचा अभिमान जरूर बाळगावा, पण चौकशी समितीचा अहवाल नीट वाचून. ग्वाल्हेरमार्गे उत्तरेकडे जाणारी वाहिनी तुटली तेव्हा उत्तर जास्त ओढत होती हे जेवढे खरे, तेवढेच पश्चिमेतील घटक ठरल्यापेक्षा कमी वीज घेत होते, म्हणजे जादा वीज वाहिन्यांवर ढकलत होते, हेही खरे. कमी ओढणे म्हणजे नेहमी पुण्यकर्म नव्हे, हा धडा समितीने त्यानंतर गांभीर्याने घेतला.

'ऊर्जासुरक्षा म्हणजे स्वतःचे केंद्र, स्वतःचा कोळसा' हा आग्रह याच काळात पुन्हा डोके वर काढत होता. त्याला मुंद्र्याचा आयात कोळशावरचा ४,००० मेगावॉटचा प्रकल्प हे गुंतागुंतीचे उत्तर आहे. त्याची वीज गुजरातला १,८०५, महाराष्ट्राला ७६०, पंजाबला ४७५, राजस्थान व हरयाणाला ३८०-३८० मेगावॉट; बोलीचा दर सरासरी २ रुपये २६ पैसे. इंडोनेशियाने कोळशाच्या निर्यातीचे नियम बदलले आणि गणित फिसकटले. २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने परदेशी कायद्याच्या बदलापोटी भरपाई नाकारली. म्हणजे वाटेकरी पाच असूनही इंधन एकाच समुद्रापलीकडून येत असेल तर सुरक्षा लाभत नाही. पण याचाच अर्थ स्वावलंबन असा लावणे चूक ठरेल. जो धक्का एका राज्याला आडवा करू शकला असता तो पाचांत वाटला गेला, वाटाघाटी पाचांनी मिळून केल्या, आणि दिवे लागत राहिले.

सहावे दशक : २०१४ ते २०२४

स्वच्छ ऊर्जेने सहकार्याचा अर्थच पालटला. कोळशाची वीज ठरवून चालवता येते. वारा आणि ऊन आपल्या वेळेने येतात. साताऱ्यात वणकुसवड्याच्या पठारावर आणि धुळ्यात साक्रीच्या बाजूला पवनचक्क्या आधीपासून होत्या, गुजरातचे चारणका सौरपार्क २०१२ चे. पण वळण आले ते मध्य प्रदेशातील रीवा येथे. ७५० मेगावॉटच्या त्या प्रकल्पात २०१७ ला पहिल्या वर्षाचा दर २ रुपये ९७ पैसे निघाला, आणि २४ टक्के वीज दिल्ली मेट्रोने घेतली. राज्याबाहेरचा भरवशाचा ग्राहक आणि पैसे बुडणार नाहीत अशी हमी, या दोन गोष्टींनी दर खाली आणला. कोरब्याला जागतिक बँकेने जे पाहिले होते तेच इथे बोलीदारांनी पाहिले.

एक आक्षेप इथे प्रामाणिकपणे तपासला पाहिजे. ऊन सगळ्या राज्यांना एकाच वेळी मिळते, मावळतेही एकाच वेळी. मग एकत्र येऊन फायदा काय? दुपारी सगळ्यांकडे जादा, सातला सगळ्यांकडे टंचाई. आक्षेप अर्धा बरोबर आहे. पण मागणी एकसारखी नाही. मध्य प्रदेशाची मागणी रब्बीत, डिसेंबर-जानेवारीत शिखर गाठते, आणि म्हणून ते राज्य खरिपात इतरांना वीज देऊन रब्बीत परत घेण्याचे करार वर्षानुवर्षे करते. वाऱ्याचा हंगाम पावसाळ्याचा, म्हणजे ऊन मंदावते तेव्हाचा. आणि संध्याकाळच्या त्या कठीण तासांसाठी कोयना, सरदार सरोवर, घाटघर आणि भिरा आहेत. ५ एप्रिल २०२० ला रात्री ९ वाजता देशभर नऊ मिनिटे दिवे मालवले गेले तेव्हा मागणी सुमारे ३१ हजार मेगावॉटने घसरली आणि पुन्हा वर आली. जलविद्युत केंद्रांनी उत्पादन झरझर उतरवून-चढवून फ्रिक्वेन्सी साधारण ४९.७ ते ५०.३ च्या आत राखली. टाळेबंदीत नियंत्रण कक्षांत मुक्काम ठोकून राहिलेल्या ऐरोली, बडोदे, जबलपूर आणि मुंबईच्या पाळ्यांचे ते श्रेय आहे. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला मुंबई अंधारात गेली, तेव्हा वाहिन्यांची वेळेवर देखभाल आणि ग्रिड कोसळले तरी शहराला वेगळे काढून त्याचा पुरवठा चालू ठेवण्याची 'आयलंडिंग' योजना यांकडे किती बारकाईने पाहावे लागते तेही दिसले. योजनेची फेरतपासणी झाली.

वाहिन्यांचा मार्ग हा या दशकातला नाजूक विषय. गोव्याला दुसऱ्या दिशेने वीज मिळावी ही गरज खरी होती, आणि वाहिनीच्या वाटेवरील मोलेच्या जंगलाची काळजीही खरी होती. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये नवी वाहिनी जुन्या वाहिनीच्या पट्ट्यातून नेण्यास सांगितले. समितीने नियोजनाच्या टप्प्यावरच अशा प्रश्नांना जागा द्यायला हवी, असे आमचे मत आहे.

कच्छमधल्या खावड्याला ३० गिगावॉटचे ऊर्जापार्क उभे राहत आहे आणि तिथून नागपूरपर्यंत ८०० केव्हीची एकदिश वाहिनी मंजूर झाली आहे. एकेकाळी कोळशाच्या गाड्यांची वाट पाहणारे गुजरात आता विदर्भाकडे वीज पाठवणार. सौदी अरेबियाशी वीजजोडणीबाबत भारताने ऑक्टोबर २०२३ मध्ये सामंजस्य करार केला आहे. तो प्रत्यक्षात आला तर पश्चिम किनाऱ्याचा हिशेब समुद्रापार जाईल. घरापाशी मात्र अधिक निकडीचा विषय आहे तो साठवणुकीचा. भिवपुरी आणि शिरवटा येथे मिळून २,८०० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पांचे करार महाराष्ट्रात झाले आहेत. दुपारच्या स्वस्त सौर विजेने पाणी वर चढवायचे आणि संध्याकाळी ते सोडायचे, यात १०० युनिट घातले तर १०० परत मिळत नाहीत. ही घट कोणाच्या खात्यात मांडायची, पाणी चढवणारी वीज गुजरातची आणि ते सोडून मिळालेली महाराष्ट्राने वापरली तर हरित विजेचे श्रेय कोणाला, आणि १५ मिनिटांचा भाग ५ मिनिटांवर आणायचा झाल्यास सीमेवरचे सगळे मीटर बदलण्याचा खर्च कसा वाटायचा, हे प्रश्न वाणिज्य उपसमितीला आता घ्यावे लागतील.